डाव्या डोळ्याने वाचलेला पेपर

तीनेक वर्षांपूर्वी मला एका सभेचं बोलावणं आलं. निवृत्त मुख्याध्यापिकांना बोलावतात तसलीच सभा होती. खुर्च्या भरायला माणसं लागतात आणि आम्हाला फुकटचा चहा चालतो. विषय होता, शाळकरी मुलांच्या आळशी डोळ्यावर उपचार करणं परवडतं का. बोलणारा तरुण डॉक्टर हुशार वाटला. त्यानं पडद्यावर रकाने पाडले होते. एका बाजूला चष्मा, पट्टी, तपासणारी नर्स, दवाखान्याच्या फेऱ्या. दुसऱ्या बाजूला पोर जितकं जगेल तितक्या वर्षांची दोन डोळ्यांची नजर. पट्टी स्वस्त, आयुष्य लांब, म्हणजे सौदा फायद्याचा, असं त्याचं म्हणणं.

मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, एक डोळा धडधाकट असताना दुसऱ्यापायी एवढी यातायात कशाला. काही जणांनी मानाही डोलावल्या. डॉक्टरनं न चिडता समजावलं, की धडधाकट डोळ्याला पुढे काही झालं तर माणूस एका दिवसात आंधळा होतो, आणि दुसरा डोळा शिकवायची वेळ तोवर कधीच टळून गेलेली असते. मग तो आम्हा शिक्षकमंडळींकडे वळला आणि म्हणाला, या रकान्यांत काही राहिलं असेल तर सांगा.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. मला सांगायचं होतं ते दोन मिनिटांत मावणारं नव्हतं, आणि म्हातारी बाई आठवणी सांगू लागली की लोक घड्याळ बघतात हे मला पक्कं ठाऊक आहे. मुख्याध्यापिका असताना मीच बघत असे. वासणा भागातल्या माझ्या घरी परत आले तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहून काढते आहे.

गुजरात वेगळं होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. बडोद्यात मांडवीच्या मागे एका पोळात, म्हणजे दाटीच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो. आई, बाबा, मी आणि बाबांचे वडील, म्हणजे आबा. आबा आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील, दोघंही संस्थानच्या फौजेत होते. संस्थान गेलं, फौज मोडली, आबा एका कापडाच्या गोदामावर चौकीदार झाले आणि तिथूनही निवृत्त झाले. पण फौज काही त्यांच्यातून गेली नाही. ते जेवायला बसत नसत, 'हजर' होत. बाजारातून आणलेली भाजी ओट्यावर 'जमा' करत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता आणि दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं ठरलं होतं. बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात पाळीवर जात. आई मराठी शाळेत शिक्षिका होती, पण अजून कायम झालेली नव्हती. मी त्याच शाळेत सकाळच्या पहिलीच्या वर्गात होते. बाराला माझी शाळा सुटायची आणि आईची संध्याकाळी साडेपाचला. मधला सगळा वेळ मी आबांच्या ताब्यात.

माझा डोळा सापडला तो आईच्या कानामुळे. शाळेत डोळे तपासायला नर्स आली होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर पोरांची रांग, आणि प्रत्येक पोर मोठ्यानं वाचणार. माझा नंबर शेवटून दुसरा, त्यामुळे तोवर तक्ता सगळ्या वर्गाला तोंडपाठ झाला होता. नर्सनं माझा उजवा डोळा पुठ्ठ्यानं झाकला आणि मी घडाघडा म्हणून दाखवलं. नर्स पुढच्या मुलीकडे वळली सुद्धा. आई दारात उभी होती. तिच्या लक्षात आलं की पोरगी पाढ्याच्या चालीवर म्हणते आहे, आणि वाचणारं माणूस चालीवर वाचत नाही. तिनं नर्सला विनंती करून खालून वर एकेक अक्षर विचारायला लावलं. वरचं हाताएवढं अक्षर सोडलं तर डाव्या डोळ्याला काहीही दिसत नव्हतं. मला स्वतःलाही ते त्याच दिवशी कळलं. दोन्ही डोळे उघडे असताना कोण कशाला शोधायला जातंय कुठला काम करतो आणि कुठला नाही.

रावपुऱ्याकडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. ते गुजराती होते. "बेन, आंख बगडी नथी," ते आईला म्हणाले, "आळसु थई गई छे." डोळा बिघडलेला नाही, आळशी झालाय. त्याचा नंबर फार मोठा, म्हणून त्याचं चित्र अंधुक, म्हणून मेंदूनं त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं होतं. उपाय सोपा होता. चष्मा लावायचा आणि रोज सहा तास चांगला डोळा झाकून ठेवायचा. मात्र आठव्या वर्षाच्या आसपास हे दार बंद होऊ लागतं, असं ते म्हणाले. मला साडेसहा पूर्ण झाली होती.

परत येताना आईनं मला ते तिच्या पद्धतीनं समजावलं. वर्गात एक हुशार मुलगी असते. बाई प्रश्न विचारतात आणि तीच दरवेळी उत्तर देते, म्हणून मागच्या बाकावरच्या मुलीला कोणी काही विचारतच नाही. हळूहळू ती ऐकायचंही सोडते. आता आपण हुशार मुलीला थोडा वेळ गप्प बसवायचं, म्हणजे मागचीला बोलावंच लागेल. मला ते पूर्ण समजलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे कोणी माझ्या लहान वयाची ढाल माझ्यापुढे धरू नये.

चिकटपट्टीनं माझ्या कातडीवर पुरळ उठलं, म्हणून आईनं ब्लाउजच्या काळ्या अस्तरातून चष्म्याच्या काचेवर चढवायची एक खोळ शिवली. शाळेत फळा दिसायला हवा, तेव्हा खोळ दुपारी बारा ते सहा घालायची असं ठरलं. म्हणजे आबांच्या पहाऱ्यात.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, उलट आबांना सुनेचा अभिमान होता. पण बोलायचं ते पोराच्या तोंडून. "मामंजींना सांग, पाणी तापलंय," आई मला म्हणायची. आबा चार हातांवर बसलेले असत, त्यांना शब्द न् शब्द ऐकू येत असे, पण मी जाऊन सांगितल्याशिवाय ते उठत नसत. "सूनबाईला सांग, आलो," हे उत्तरही माझ्याच हाती. घरची टपाल-तार मीच.

तर आईनं मला सांगितलं, मामंजींना सांग, खोळ उजव्या डोळ्यावर ठेवायची, सहापर्यंत काढायची नाही, आणि का ते पण नीट सांग. मी हुकूम पोचवला. कारण पोचवलं नाही. मुद्दाम नाही, त्या दिवशी तरी मुद्दाम नाही. हुकूम लहान होता, कारण लांबलचक होतं, आणि खाली पोरी खेळायला बोलावत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोळ घालून पाणी प्यायला उठले आणि तांब्याऐवजी हवेत हात घातला. मग उंबऱ्याला अडखळून पडले. आबांनी मला उचललं, बारीशी, म्हणजे खिडकीशी नेलं आणि चेहरा उजेडाकडे करून बराच वेळ बघितलं. त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांत धुकं, त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. मग त्यांनी खोळ काढली आणि डाव्या काचेवर चढवली. आजारी शिपाई दवाखान्यात आणि निरोगी शिपाई पहाऱ्यावर, एवढं साधं त्या डॉक्टरला कळू नये याचं त्यांना नवल वाटलं. जगातली कुठलीही फौज याच्या उलट करत नाही, असं ते मला म्हणाले.

मला एकदम सगळं दिसू लागलं. तांब्या, उंबरा, खालच्या पोरी. मी काही बोलले नाही.

त्यानंतर रोज तसंच. बाराला खोळ डावीकडे, आणि साडेपाचनंतर आईच्या चपला जिन्यावर वाजल्या की खोळ उजवीकडे. यात आपण कोणाला फसवतो आहोत असं आबांना वाटत नव्हतं. साहेबाची तपासणी असली की गणवेश हुकमाप्रमाणे घालायचा, साहेब गेला की शहाणपणानं वागायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. फसवत मी होते. मागच्या बाकावरची मुलगी मला माहीत होती, आबांना नव्हती. ती गोष्ट मी त्यांना एका वाक्यात सांगू शकले असते, आणि मी सांगितली नाही, कारण सांगितली असती तर मला दुपारभर आंधळं बसावं लागलं असतं.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तक्ता वाचायला लावला. डावा डोळा होता तिथेच. एक ओळ नाही की एक अक्षर नाही. डॉक्टरांनी आईला जरा कडकच विचारलं, की खोळ खरंच वापरता का. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, रोज सहा तास, एक दिवस चुकलेला नाही. घरी आल्यावर ती जेवली नाही. खोळीतून उजेड आत जात असेल, आपलीच शिलाई कच्ची, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं खोळ उसवली आणि दुहेरी अस्तर लावून पुन्हा शिवायला बसली. मी शेजारी बसून तिला सुई ओवून दिली, उजव्या डोळ्यानं. आज इतक्या वर्षांनी सगळ्यात जास्त लाज मला त्या सुईची वाटते.

चोरी पकडली गेली ती चपलेमुळे. कोणा मोठ्या माणसाच्या निधनामुळे शाळा दुपारीच सुटली. वाटेत आईच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून ती चपला हातात घेऊन अनवाणी जिना चढली. आम्हाला काही ऐकू आलं नाही. ती दारात आली तेव्हा मी बारीत बसून कागदाची साखळी करत होते आणि खोळ डाव्या काचेवर होती.

तिनं चपला खाली ठेवल्या. माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. आबा उठून उभे राहिले. मी सवयीनं मधे येऊन उभी राहिले, कोणाचा निरोप कोणाला द्यायचा याची वाट बघत. पण आई माझ्यावरून पलीकडे बघत होती.

"मामंजी, हे काय केलंत?"

माझ्या जन्मापासून मी त्या दोघांना एकमेकांशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. आबांनाही क्षणभर माझ्याकडेच बघावंसं वाटलं असणार. मग त्यांनी सरळ तिला उत्तर दिलं.

"जखमी शिपायाला पहाऱ्यावर उभं करत नाहीत, सूनबाई."

"तो जखमी नाही हो. त्याला कोणी कधी काम सांगितलंच नाही."

मग तिनं तिथेच उभं राहून मागच्या बाकावरच्या मुलीची गोष्ट त्यांना सांगितली. आबांनी ती शेवटपर्यंत ऐकली. ऐकता ऐकता त्यांचा हात भिंतीवर गेला आणि ते खाली बसले. सहा महिने, एवढंच ते म्हणाले. आईनं माझ्याकडे वळून विचारलं, तू आबांना हे सांगितलं नव्हतंस का. मी तोंड उघडण्याआधीच आबा म्हणाले की पोरीनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, आणि गप्प राहायलाही मीच सांगितलं. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. आईनं विश्वास ठेवला की नाही ते मला आजही माहीत नाही. मी मात्र त्या दिवशी आबांची देणेकरी झाले.

डॉक्टर रागावले, पण त्यांनी दार पूर्ण लावलं नाही. आता सहा तासांनी भागणार नाही, म्हणाले. चार महिने शाळा बंद, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत उजवा डोळा झाकलेला, आणि त्या वेळात डाव्याला बारीक काम. नुसतं झाकून उपयोग नाही, कोणीतरी शेजारी बसून काम करून घेतलं पाहिजे. आणि हे आत्ता, पुढच्या वर्षी नाही.

प्रश्न एवढाच होता की शेजारी बसणार कोण. आबांचं ऑपरेशन दोन आठवड्यांवर आलं होतं. त्या काळी मोतीबिंदू काढला की माणूस आठ-दहा दिवस डोळे बांधून उताणा पडून असे, आणि जाड भिंगाचा चष्मा मिळायला पुढे दीड-दोन महिने लागत. म्हणजे ते चार महिने आबा निकामी. आईनं बिनपगारी रजा घेतली तर नोकरी मोडत होती, कायम व्हायला तिचे थोडेच महिने राहिले होते. बाबांचं तर बोलायलाच नको, कारखान्याच्या फाटकात पाच मिनिटं उशीर झाला तरी अर्धा दिवस कापला जाई. आईनं बाबांना सांगितलं की ती रजा टाकते, नोकरी काय, पुन्हा बघू. तेव्हा बाहेरच्या खोलीतून आबा आत आले आणि, आता रीत मोडलीच होती म्हणून, सरळ आईशी बोलले.

"माझे डोळे मला अजून किती वर्षं वापरायचे? तीन. फार तर चार. हिला तिचा डोळा साठ वर्षं वापरायचाय. एवढं गणित मलाही येतं, सूनबाई. ड्यूटीवर मी राहीन. ऑपरेशन उन्हाळ्यात करू."

त्या तरुण डॉक्टरनं पडद्यावर मांडलं होतं ते सगळं गणित हेच. त्याला शिकायला किती वर्षं लागली कोण जाणे. आबा चौथी शिकले होते.

आईनं एक अट घातली. मामंजींनी डॉक्टरांना विचारायचं, की त्यांचा मोतीबिंदू उन्हाळ्यापर्यंत थांबेल का. आबांनी कबूल केलं आणि पुढच्या तपासणीला मला घेऊन तेच गेले. डॉक्टरांनी आधी माझं बघितलं, मग आबांना खुर्चीत बसवून दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली. मी शेजारी उभी होते. "काका, पाकी गयो छे," डॉक्टर म्हणाले. "हवे राह ना जोशो." पिकलाय, आता वाट बघू नका. थांबलात तर झामर होईल, डोळा जाईल. झामर म्हणजे काचबिंदू, हे मला पुढे कळलं. पण 'डोळा जाईल' कळायला मला कोणाची गरज नव्हती, मी बडोद्यातच जन्मले होते.

परतताना आबांनी मला सेव-उसळ खाऊ घातली. एरवी बाहेरचं खाणं म्हणजे त्यांच्या मते पोटाशी गद्दारी. माझी बशी संपल्यावर ते म्हणाले, डॉक्टर जे बोलले ते आपल्या दोघांतलं, बरं का. घरी पोचल्यावर त्यांनी आईला सांगितलं, डॉक्टर म्हणतात घाई नाही. आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मी मान का हलवली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आबांनी माझ्यासाठी खोटं बोलून मला वाचवलं होतं, तेव्हा आता माझी पाळी, असं काहीसं मनात होतं. आणि मला माझा डोळा हवा होता. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवसापासून आमची कवायत सुरू झाली. बारीक काम म्हणून आबांनी पेपर निवडला. मुंबईहून येणारा मराठी पेपर बडोद्यात एक दिवस शिळा होऊन मिळे. खालच्या मजल्यावरचे मास्तर तो घेत आणि वाचून झाल्यावर आम्हाला देत, म्हणजे आमच्याकडे दोन दिवसांचा शिळा. आबांना त्याचं काही वाटत नसे. बातमी पिकायला वेळ द्यावा, म्हणत. आता त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतंच. मी बारीत बसायचं, उजवा डोळा दुहेरी अस्तरामागे, आणि डाव्यानं वाचून दाखवायचं. पहिल्या महिन्यात मला फक्त वरचा ठळक मथळा वाचता येत होता, तोही कागद नाकाला लावून. डोकं दुखे, पाणी वाही. आबा दर अर्ध्या तासानं 'विश्राम' म्हणत आणि दहा मिनिटांनी पुन्हा 'सावधान'.

खोळीला वरून फट होती. मान जराशी खाली घातली की उजव्या डोळ्याला सगळं पान स्वच्छ दिसे. आणि समोर बसलेल्या माणसाला मी मान खाली घातली की नाही हेही दिसत नव्हतं. इतकी सोपी चोरी जगात दुसरी नसेल. आबा अधूनमधून विचारत, कोणत्या डोळ्यानं वाचतेस. मी सांगे, डाव्या. ते म्हणत, सरस. तपासायचा काही मार्ग नव्हता, आणि त्यांनी शोधलाही नाही. त्या चार महिन्यांत मी त्या फटीतून एकदाही बघितलं नाही. यात माझा मोठेपणा नाही. ते रोज समोर बसत आणि रोज त्यांची खुर्ची पेपराच्या जवळ सरकत चाललेली मला दिसत होती, चांगल्या डोळ्याशिवायसुद्धा.

संक्रांतीपर्यंत मी मथळ्याखालच्या मधल्या अक्षरांवर आले. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, सगळी पोळ गच्चीवर होती. मीही खोळ लावून गेले आणि पोरींनी मला काणी म्हणून चिडवलं. आबांनी विचारलं, कोणता पतंग कापला गेला. मला दोरा दिसत नव्हता, पण रंग दिसत होते. पिवळा, मी म्हणाले. त्यांनी वर बघितलं, जसं काही त्यांनाही दिसला.

होळीच्या आधी तपासणी झाली. आबाच घेऊन गेले. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि तक्त्यावर छडी ठेवली. सात ओळींपैकी मी पाच वाचल्या, चालीवर नाही, अडखळत. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, सगळा नाही, पण कामापुरता डोळा आला. आबा भिंतीशी काठी धरून बसले होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, बरोबर वाचलं का. डॉक्टर म्हणाले, बरोबर. आबा मला म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा पाच ओळी वाचल्या आणि ते ऐकत राहिले.

त्यानंतर पंधरा दिवसांत एका सकाळी त्यांचा उजवा डोळा लालभडक झाला आणि कधी कण्हलेलं ऐकलं नव्हतं तो माणूस भिंतीवर डोकं टेकून कण्हू लागला. दाब वाढला होता. तो डोळा गेला. डाव्याचं ऑपरेशन घाईनं केलं, पण त्यालाही उशीर झाला होता. उजेड कळे, दारात कोणी उभं आहे एवढं कळे, चेहरा नाही. डॉक्टर आईला म्हणाले, मी काकांना तेव्हाच सांगितलं होतं.

घरी आल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तू होतीस ना तिथे?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. मला वाटलं मारेल. तिनं मारलं नाही. थोड्या वेळानं तिनं बाहेरच्या खोलीकडे वळून मोठ्यानं विचारलं, मामंजी, पाणी तापलंय, घेता ना. त्या घरात पुन्हा कधी कोणाला माझ्यामार्फत निरोप पाठवावा लागला नाही.

त्या डोळ्यानं मला काय दिलं तेही लिहायला हवं, नाहीतर एकाच बाजूचा रकाना भरल्यासारखं होईल. मी सुया ओवल्या, तीस वर्षं वह्या तपासल्या, बडोद्याच्या रहदारीत स्कूटर चालवली आणि कोणाला धडकले नाही. सात वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या पडद्याला काही झालं, तेव्हा सहा आठवडे मी फक्त डाव्यावर होते. गॅस पेटवला, जिना उतरले, औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचलं. सौदा फायद्याचाच होता. आबांचं गणित चुकलं ते फक्त एका आकड्यात. तीन, फार तर चार, म्हणाले होते. ते अजून चौदा वर्षं जगले.

ती चौदा वर्षं ते बारीशी त्याच खुर्चीत बसत, आणि मी त्यांना रोज पेपर वाचून दाखवी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाव्याला अधूनमधून काम देत राहा, नाहीतर तो पुन्हा झोपेल. म्हणून मी उजवा डोळा हातानं झाकून वाचायची. सुरुवातीला ते विचारत, कोणत्या डोळ्यानं. मी सांगे, डाव्या. डाव्यानं वाचायला वेळ लागे. मोठं पान असलं की तासभर.

कॉलेजात गेल्यावर मला घाई असायची. तालीम असे, मैत्रिणी खाली हाक मारत. एका सकाळी मी हात डोळ्यावर नेलाच नाही. दोन्ही डोळ्यांनी सरसर वाचून टाकलं, अग्रलेखासकट. आबा ऐकत होते. कोणत्या डोळ्यानं, असं त्यांनी विचारायचं किती वर्षांपूर्वीच सोडलं होतं, पण त्या दिवशी विचारलं. मी म्हणाले, डाव्या.

त्यांनी मान हलवली आणि काठी चाचपून उठायला लागले. "आज पेपर लवकर संपला," ते म्हणाले.